तेल नसलेला देश : मोरोक्कोची बंदरे, कारखाने आणि कारागीर

प्रसिद्ध मुसाफिर इब्ने बतूता दिल्लीहून निघून दौलताबादमार्गे नंदुरबारला आला, त्याला आता पावणेसातशे वर्षांहून अधिक काळ लोटला. नंदुरबार हे लहानसे गाव असून तिथले मराठे हुन्नरी कामात तरबेज आहेत, अशी नोंद त्याच्या सफरनाम्यात आहे. हा माणूस ज्या शहराचा, ते तंजा शहर आजच्या मोरोक्को देशात आहे. इंग्रजी नकाशात त्याला टँजियर म्हणतात. आखाती देशांविषयी आपल्याकडे घरोघरी माहिती असते, कारण आपली मुले तिकडे नोकरीला जातात आणि पैसा तिकडून येतो. मोरोक्कोत आपले सहसा कोणी जात नाही. तरीही या देशाची माहिती आपल्या व्यापाऱ्याला आणि त्याहून जास्त आपल्या कारागिराला असावी, असे आम्हांस वाटते. सौदी अरब किंवा कुवेतसारखे तेल या देशाला मिळालेले नाही. जे काही उभे केले ते कष्टाने, कर्जाने आणि हिशेबाने केले आहे. त्यात हुन्नरी माणसाच्या पदरी काय पडले, हे पाहण्यासारखे आहे.

अरबीत या देशाचे नाव अल-मगरिब. मगरिबच्या नमाजचा जो शब्द तोच हा. सूर्य मावळतो ती दिशा. जुन्या उर्दू पुस्तकांत याच देशाला मराकश म्हटलेले आढळते. उत्तरेला भूमध्य समुद्र, पश्चिमेला अटलांटिक महासागर, मध्ये अॅटलस पर्वताच्या रांगा आणि दक्षिणेला सहारा वाळवंट. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत युरोप जिथे सर्वांत जवळ येतो तिथे अंतर अवघे १४ किलोमीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४ लाख ४६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. लोकसंख्या मात्र २०२४ च्या जनगणनेनुसार ३ कोटी ६८ लाख, आपल्या राज्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. स्पेनने १९७५-७६ मध्ये सोडलेल्या पश्चिम सहाराचा बराचसा भागही मोरोक्कोच्या ताब्यात आहे. त्याचा वाद संयुक्त राष्ट्रांत आहे आणि त्यावरूनच शेजारच्या अल्जीरियाशी बेबनाव आहे. दोन्ही देशांमधली जमिनीवरची सरहद्द १९९४ पासून बंद आहे. दोन मुसलमान शेजाऱ्यांचा व्यापार असा तीस वर्षांहून अधिक काळ अडून पडावा, ही काही चांगली गोष्ट नाही.

लोक बहुतेक सर्व सुन्नी मुसलमान आणि मालिकी मस्लकचे. आपल्याकडे देशावर हनफी आणि कोकणात शाफई, तसे तिकडे मालिकी. वंशाने अरब आणि अमाझिग, ज्यांना आपण बर्बर म्हणतो. अमाझिग भाषेला २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा दिला. पण दुकानात, कचेरीत आणि बिलावर चालते ती फ्रेंच. १९१२ पासून १९५६ पर्यंत फ्रान्सचा अंमल होता, त्याची ही शिल्लक आहे. राज्य राजेशाहीचे असून १९९९ पासून सहावे मुहम्मद हे बादशहा आहेत. संसद आहे, निवडणुका होतात, पण मोठे निर्णय राजवाड्यातूनच होतात.

जमिनीतली दौलत

तेल नाही म्हणजे जमिनीत काहीच नाही असे नव्हे. जगातल्या फॉस्फेट दगडाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे, पश्चिम सहारा धरून, असल्याचे मानले जाते. या दगडापासून फॉस्फोरिक आम्ल आणि त्यापासून डीएपी खत तयार होते. आपल्या शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी फोडलेल्या गोणीत मोरोक्कोची माती असण्याचा संभव बराच आहे, कारण भारतात हा दगड फार थोडा सापडतो आणि बाकीचा बाहेरून आणावा लागतो.

हे काम ओसीपी ही सरकारी कंपनी करते. तिची स्थापना १९२० ची. खुरिब्गा येथील खाणीतून पूर्वी दगड आगगाडीने बंदरावर जाई. २०१४ मध्ये कंपनीने खुरिब्गापासून जोर्फ लासफर बंदरापर्यंत १८७ किलोमीटरची नळवाहिनी सुरू केली. दगड दळून पाण्यात कालवतात आणि तो गारा उतारावरून आपसूक बंदरावर पोचतो. कच्चा दगड विकण्यापेक्षा खत करून विकण्यात नफा जास्त, हे ओळखून कंपनीने बंदरावरच कारखाने उभारले. त्यांपैकी एकात भारतीय कंपन्यांचीही भागीदारी आहे. गोव्यातील झुआरीनगरचा खत कारखाना २०२२ पासून पारादीप फॉस्फेट्स या कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीत ओसीपीचा पैसा आहे. म्हणजे मोरोक्को आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. अर्थात हा सारा व्यवहार मोठ्या कंपन्यांचा. आपल्या लहान व्यापाऱ्याला त्यात शिरकाव नाही.

बंदर आणि आगगाडी

तंजाच्या पूर्वेला सामुद्रधुनीवर २००७ मध्ये तंजा-मेद नावाचे नवे बंदर सुरू झाले. पूर्वी तिथे उघडा किनारा होता. आशियातून युरोपकडे आणि अमेरिकेकडे जाणारी जहाजे याच दारातून जातात, तेव्हा दारातच दुकान मांडावे, हा विचार. २०२४ मध्ये या बंदराने १ कोटी २ लाख कंटेनर हाताळले. हा हिशेब वीस फुटी कंटेनरचा आहे. आपल्या मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराचा २०२३-२४ चा आकडा ६४ लाखांचा आहे, यावरून कल्पना यावी. यातला मोठा भाग एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवलेल्या मालाचा आहे, हेही सांगितले पाहिजे. तो माल मोरोक्कोच्या बाजारात जात नाही. पण बंदराला लागून करसवलतीची औद्योगिक क्षेत्रे आहेत आणि तिथे हजाराहून अधिक कंपन्या आल्या आहेत.

त्यांत सर्वांत मोठी रेनो ही फ्रेंच मोटार कंपनी. तिचा तंजाचा कारखाना २०१२ मध्ये सुरू झाला आणि मोटारी कारखान्यातून रुळावरूनच बंदरात जातात. २०१९ मध्ये केनित्रा येथे प्यूजो मोटारींचा कारखाना आला. आज मोटारी आणि त्यांचे सुटे भाग ही मोरोक्कोची पहिल्या क्रमांकाची निर्यात आहे. फॉस्फेट मागे पडले. २०२४ मध्ये ही निर्यात सुमारे १५७ अब्ज दिरहमांची झाली. एक दिरहम साधारण नऊ-दहा रुपयांचा धरावा.

आगगाडीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात तंजा ते कासाब्लांका ही जलद गाडी सुरू झाली. तिचे नाव 'अल-बुराक', आणि ते का ठेवले असावे हे वाचकांना सांगायला नको. तंजा ते केनित्रा या टप्प्यात ती ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावते आणि एकूण ३२३ किलोमीटरचा प्रवास २ तास १० मिनिटांत होतो. आफ्रिका खंडातली ही पहिलीच अशी गाडी. पुढे मराकशपर्यंत रूळ नेण्याचे काम २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आहे, कारण २०३० ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को मिळून भरवणार आहेत.

पण आम्हांला गाडीपेक्षा विजेचे काम मोठे वाटते, त्याची चर्चा मात्र कमी होते. १९९५ च्या सुमारास मोरोक्कोच्या खेड्यांत शंभरातल्या जेमतेम १८ घरांत वीज होती. सरकारने पुढच्याच वर्षी खेड्यांसाठी खास योजना हाती घेतली आणि आज जवळजवळ सर्व खेड्यांत वीज आहे. डोंगरातल्या एकाकी वस्त्यांवर तारा नेणे परवडेना, तिथे सौर तक्ते बसवले. वारझाझात शहराजवळ २०१६ पासून नूर नावाचे सौर वीजकेंद्र उभे राहत गेले. त्याची एकूण क्षमता ५८० मेगावॉट आहे. त्यातल्या मोठ्या भागात आरशांनी ऊन एकवटून उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावरही काही तास वीज करतात.

फेसच्या गल्लीत

आता कारागिराकडे वळू. फेस हे जुने राजधानीचे शहर. कैरवानहून आलेल्या एका व्यापाऱ्याची मुलगी फातिमा अल-फिहरी हिने वारशाच्या पैशातून ८५९ साली येथे करवीयीन मस्जिद बांधली आणि तिच्याच आश्रयाने विद्यापीठ वाढले. मस्जिदीच्या भोवती अत्तारांचा, तांबटांचा, सुतारांचा असा एकेका धंद्याचा वेगळा बाजार. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार शिरत नाही. माल खेचरांवर आणि गाढवांवर जातो आणि हाकणारा 'बालक, बालक' असे ओरडतो, म्हणजे बाजूला व्हा. बाजारातली अनेक दुकाने वक्फची आहेत. वक्फला तिकडे हबूस म्हणतात आणि त्यासाठी सरकारात स्वतंत्र खाते आहे. भाडे कमी, पण दुकानाचा ताबा घेताना आधीच्या भाडेकरूला मोठी रक्कम द्यावी लागते. मुंबईची पागडी ती हीच. तिला ते 'सारूत' म्हणतात. सारूत म्हणजे किल्ली. वक्फच्या मालमत्तेचे भाडे आणि बाजारातला भाव यांचा मेळ न बसणे हा आपल्याकडचाच आजार तिकडेही आहे, हे पाहून नवल वाटले नाही.

फेसची खरी ओळख चामड्याची. शुवारा नावाच्या जुन्या टॅनरीत उघड्यावर दगडी हौदांच्या रांगा आहेत. पांढऱ्या हौदांत चुन्याचे पाणी आणि कबुतरांची विष्ठा असते. चुन्याने केस सुटतात आणि विष्ठेतल्या अमोनियाने कातडे मऊ पडते. मग रंगाचे हौद. माणसे मांड्यांपर्यंत रंगात उतरून पायांनी कातडी तुडवतात आणि ती गच्चीवर वाळत घालतात. शेळी, मेंढी, गाय आणि उंट यांची कातडी येतात. त्यांतून पिशव्या, अंगरखे आणि 'बलगा' होतात. बलगा म्हणजे मागे टाच नसलेली सपाता. पिवळ्या रंगाची सर्वांत मान्यवर. पूर्वी प्रत्येक धंद्याचा एक अमीन असे. मालाचा दर्जा आणि तक्रारी तो पाही, आणि त्याच्यावर बाजाराचा मुहतसिब. अमीन आजही आहेत, पण जुना अधिकार राहिलेला नाही.

पर्यटक वरच्या दुकानांच्या सज्जांतून हे हौद पाहतात. वास सहन व्हावा म्हणून हातात पुदिन्याची पाने देतात. छायाचित्रे सुंदर येतात. हौदात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाची कंबर आणि कातडी यांचे काय होते, ते छायाचित्रात येत नाही. नव्या टॅनऱ्यांत क्रोमची रसायने वापरतात. काम लवकर होते, पण फेसमधून वाहणारे दूषित पाणी शेवटी सबू नदीला मिळते आणि तेच पाणी खाली शेतीला जाते.

सरकारी आकडे सांगतात की देशात काम करणाऱ्या दर पाच जणांमागे साधारण एक जण कारागिरीवर पोट भरतो. त्यांच्यासाठी स्वतंत्र खाते आहे आणि मालाच्या प्रसारासाठी 'दार अस-सानी' म्हणजे कारागिराचे घर ही संस्था १९५७ पासून आहे. गालिचे आणि मातीची भांडी परदेशी जातात, पण हस्तकलेची वर्षाची नोंदलेली निर्यात एक अब्ज दिरहमांच्या थोडी वर भरते. मोटारींचे १५७ अब्ज आणि कारागिरांचे एक अब्ज. पर्यटक हातातून घेऊन जातो तो माल या आकड्यात येत नाही आणि २०२४ मध्ये १ कोटी ७४ लाख पर्यटक आले होते, हे लक्षात घेतले तरी अंतर डोळ्यांत भरते.

शिंप्यांची आणि कापडवाल्यांची स्थिती आणखी नाजूक. तंजात स्पेनच्या मोठ्या दुकानांसाठी कपडे शिवले जातात. ऑर्डर आली की थोड्याच दिवसांत माल समुद्रापार. घाईच्या कामात काम घरगुती कारखान्यांकडे वाटले जाते. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी तंजात मोठा पाऊस झाला आणि एका बंगल्याच्या तळघरात चालणाऱ्या अशाच शिवण कारखान्यात पाणी शिरून २८ कामगार मेले. त्यांत बाया पुष्कळ होत्या. धारावीत किंवा भिवंडीत पोटमाळ्यावर मशीन चालवणाऱ्या आमच्या वाचकांना या बातमीचा अर्थ समजावण्याची गरज नाही. त्याआधी तुर्कस्तानशी झालेल्या मुक्त व्यापार कराराने स्वस्त तयार कपडे येऊन स्थानिक दुकानदार बसले होते. २०२० मध्ये मोरोक्कोने करार बदलून तुर्की कपड्यांवर पुन्हा जबर आयात शुल्क लावले. धर्मबंधू खरे, पण धंद्यात प्रत्येकाला आपला कारागीर आधी पाहावा लागतो.

ज्या ईदला मेंढी कापली नाही

मोरोक्कोची खरी कसोटी पाण्याची आहे. दुसरे हसन यांच्या काळी, १९६० नंतर, मोठमोठी धरणे बांधली गेली. दहा लाख हेक्टर जमीन पाण्याखाली आणण्याचे उद्दिष्ट होते. पण २०१८ नंतर ओळीने सहा वर्षे पाऊस कमी झाला आणि चाऱ्याअभावी कळप घटले. २०१६ च्या पशुगणनेशी तुलना करता जनावरे ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे सरकारने सांगितले. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी औकाफ मंत्र्यांनी बादशहाचे पत्र वाचून दाखवले : या बकरी ईदला लोकांनी कुर्बानी करू नये, ज्याला ऐपत नाही त्याला महागाईत तोशीस पडू नये, बादशहा सर्वांच्या वतीने कुर्बानी करतील. यापूर्वी १९९६ मध्ये दुसरे हसन यांनीही दुष्काळामुळे असेच आवाहन केले होते.

एरवी या ईदला मोरोक्कोत पन्नास-साठ लाख मेंढ्या-बकरे कापले जातात. खेड्यातला माणूस वर्षभर मेंढी पोसतो ती या एका आठवड्यासाठी. त्यावर त्याचे कर्ज फिटते आणि मुलांची फी भरली जाते. शहरात सुऱ्यांना धार लावणारे, चारा विकणारे, कोळसा विकणारे, मेंढी घरपोच करणारे हमाल, सगळ्यांचा हंगाम तोच. आणि टॅनरीसाठी एकदम मिळणारे स्वस्त कातडेही त्याच दिवसांचे. २०२५ च्या ईदला तो हंगाम गेला. कळप वाचले हे खरे. मेंढपाळांना सरकारने मदतही जाहीर केली. पण हौदाशी रोजावर उभ्या असलेल्या माणसाचे नाव मदतीच्या अशा यादीत शेवटी येते किंवा येतच नाही, हा आपलाही अनुभव आहे.

पाण्यासाठी उपाय चालू आहेत. सबू खोऱ्यातले पाणी रबातकडे वळवणारा ६७ किलोमीटरचा कालवा २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाला. अगादीरजवळ समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना २०२२ पासून चालू आहे आणि कासाब्लांकाजवळ त्याहून पुष्कळ मोठा उभारला जात आहे.

पैसा आणि पोरे

देशाचा मोठा आधार बाहेर गेलेल्या माणसांचा आहे. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, इटली इथे राहणारे मोरोक्कन वर्षाला घरी पाठवतात ती रक्कम २०२४ मध्ये ११५ अब्ज दिरहमांच्या वर होती. कोकणातल्या घरांचे आखाताशी जे नाते, तेच यांचे युरोपशी.

व्याजमुक्त बँकिंगविषयी आमच्याकडे नेहमी विचारणा होते. मोरोक्कोत २०१७ च्या जानेवारीत मध्यवर्ती बँकेने अशा पाच बँकांना परवाना दिला. त्यांना इस्लामी न म्हणता 'सहभागी' बँका म्हणतात आणि शरीयतच्या दृष्टीने त्यांचे व्यवहार उलेमांची सर्वोच्च परिषद तपासते. बहुतेक व्यवहार मुराबहाचा : बँक घर स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा सांगून ग्राहकाला हप्त्याने विकते. घर घेणाऱ्याची सोय झाली. कच्च्या मालासाठी पाच-पंचवीस हजार लागणाऱ्या कारागिराच्या हाती मात्र त्यातून फारसे काही येत नाही.

कारागिराला झालेला एक खरा फायदा वेगळाच आहे. २०२१ पासून दुकानदार, कारागीर आणि शेतकरी यांना वर्गणी घेऊन सक्तीच्या आरोग्य विम्यात आणले गेले. पूर्वी हा विमा पगारदारांनाच होता. विमा कार्ड हाती आले, पण गावाच्या इस्पितळात डॉक्टर नाही, अशी तक्रार सर्वत्र आहे. २०२४ मध्ये १५ ते २४ वयाच्या तरुणांत बेकारी ३६ टक्क्यांच्या वर होती. २०२५ च्या सप्टेंबरअखेर हे तरुण रस्त्यावर उतरले. विश्वचषकासाठी मैदाने आहेत, मग इस्पितळे कुठे आहेत, हा त्यांचा सवाल. अगादीरजवळ गोळीबारात तीन जण मेले. पुढच्या महिन्यात सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य आणि शिक्षणासाठी १४० अब्ज दिरहम जाहीर केले.

ज्यांना या देशाशी काही व्यवहार करून पाहायचा असेल त्यांच्यासाठी थोडे. उर्दू येते, कुरआनची अरबी वाचता येते, म्हणून भागेल असे समजू नये. बोलीची अरबी, दारिजा, फार वेगळी आहे आणि कागदपत्रे फ्रेंचमध्ये लागतात. घाऊक बाजार पाहायचा तर कासाब्लांकातला दर्ब ओमर. आपला चहा तिथे खपवण्याच्या भानगडीत पडू नये. ते चीनची हिरवी पत्ती पुदिना आणि साखर घालून पितात, आणि त्या पत्तीचे ते जगातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहेत. कचेऱ्यांना सुटी शनिवार-रविवारी असते, शुक्रवारी नाही. पण शुक्रवारी दुपारनंतर जुन्या बाजारात बरीच दुकाने बंद मिळतील. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, आणि रमजानमध्ये ते आणखी एक तास मागे घेतात. दिरहम देशाबाहेर मोकळेपणी नेता येत नाही, तेव्हा सौदा डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये आणि बँकेमार्फतच करावा.